उजेडाचा जमाखर्च

मायच्या घराला रस्ता नाही. आमच्या गावापर्यंत साकोलीची एस. टी. येते, तिथून पुढे तीन किलोमीटर पायी. अर्धी वाट धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून, मग एक नाला, मग मोहाची पाचसात झाडे, आणि त्यांच्या पलीकडे बाबांनी बांधलेले दोन खोल्यांचे कौलारू घर. डाव्या हाताला बोडी आहे. बोडी म्हणजे शेतातले लहानसे तळे; आमच्या भंडारा जिल्ह्यात हे सांगावे लागत नाही, परंतु दिवाळी अंक पुण्यामुंबईलाही जातात. घरामागची दोन शेते सोडली की नागझिऱ्याचे जंगल सुरू होते. व्यंकटेश माडगूळकर ह्या जंगलात येऊन राहिले आणि 'नागझिरा' नावाचे पुस्तक लिहून गेले. शहरातली पुष्कळ माणसे अजूनही इथे येतात. दोन रात्री राहतात, चांदण्या पाहतात आणि जाताना म्हणतात की असा अंधार आता कुठे मिळत नाही. मायला तो पन्नास वर्षे मिळतो आहे. तिला त्याचे विशेष वाटत नाही.

गावात वीज फार पूर्वीच आली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग ह्या खेड्यात वीज पोहोचली आणि आता देशात वीज नसलेले खेडे उरले नाही असे जाहीर झाले. ती बातमी मी शाळेत मुलांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागा आणि शेकडा दहा घरे एवढ्यांत दिवा लागला की खेडे उजळले, अशी सरकारी व्याख्या आहे, हे मी त्या दिवशी मुलांना सांगितले नाही. शेतातले एकटे घर ह्या व्याख्येत बसत नाही. आमचे खांब गावाच्या शेवटच्या घरापाशी थांबलेले आहेत. पुढे न्यायचे तर नाला आहे, चार जणांची शेते आहेत आणि वनखात्याची हद्द आहे. मी अर्ज घेऊन दोन वर्षे एका कचेरीत जात होतो. तिथल्या साहेबांनी शेवटी मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि अगदी सौजन्याने विचारले, "गुरुजी, एका घरासाठी पन्नास खांब कोण रोवणार?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याजवळ असण्याचेही कारण नव्हते.

तेव्हा सूर्याकडे वळलो. हल्ली हा मार्ग सगळेच सुचवतात आणि सुचवणाऱ्याला वाटते की पुढचे सगळे फुकट आहे. सरकारी योजनांची चौकशी केली. २०२४ सालची प्रधानमंत्री सूर्यघर योजना चांगली आहे. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये सूट मिळते. परंतु अर्जात वीज ग्राहक क्रमांक लिहावा लागतो. ज्याच्या घरी वीज आहे त्यालाच ती वीज! शेजारच्या शेतकऱ्याकडे सरकारी योजनेतला सौर पंप आहे. तीन अश्वशक्तीचा, प्लेटा जवळजवळ तीन हजार वॉटच्या. (पॅनेल, पटल वगैरे शब्द छापील कागदावर असतात. आमच्याकडे सगळे 'प्लेट' म्हणतात, मीही तेच लिहितो.) एवढ्या प्लेटांत मायची दहा घरे उजळली असती. पण त्या पंपाला बॅटरी नाही. पंप सूर्य असेल तेव्हाच चालतो आणि मायला दिवा सूर्य नसेल तेव्हाच हवा. सगळी अडचण आणि सगळा खर्च ह्या एका वाक्यात आहे, हे मला पुढे हळूहळू कळत गेले.

कोणी केले आहे का, तेही पाहिले. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत वीज नव्हती. २०१२ साली तिथे चाळीसेक घरांसाठी नऊ किलोवॉटच्या वर क्षमतेचे लहानसे सौर केंद्र उभे राहिले आणि वाडीतलीच माणसे पैसे गोळा करून ते सांभाळू लागली. भागाकार केला तर घरामागे अदमासे सव्वादोनशे वॉट पडतात. एवढ्यात माणसे नांदतात, हे वाचून मला धीर आला. परंतु वाडी ही वाडी असते. तिथे बिघाड झाला तर चार माणसे जमतात. मायकडे जमायला ती आणि तिची गाय.

आमच्या जिल्ह्याचाही सूर्याशी थोडा संबंध येऊन गेलेला आहे. मुंडीपारला २०१३ साली एका मोठ्या सरकारी कारखान्याची कोनशिला बसली. त्यात सौर प्लेटा तयार व्हायच्या होत्या. लोकांनी जमिनी दिल्या, पोरांनी आय. टी. आय.चे अर्ज भरले. तो बेत कागदावरच राहिला. मायच्या घरी जी प्लेट येणार ती दूरच्या कुठल्या तरी कारखान्यातून येईल, मुंडीपारवरूनच ट्रकने साकोलीला उतरेल आणि पुढे बैलगाडीने जाईल.

माझ्याजवळ ३०,००० रुपये होते. त्यातले बरेचसे माझ्या तिसऱ्या कादंबरीचे. मराठी कादंबरीकाराच्या मानधनाची चेष्टा करण्याची प्रथा आहे. मी ती मोडतो. चोवीस हजार त्या कादंबरीने दिले. उरलेले सहा हजार मायचे. चैत्रात वेचून वाळवलेली मोहाची फुले विकून तिने ते डब्यात ठेवले होते, आणि मी नको म्हणत असताना तिने ते लुगड्याच्या पदरातून सोडून माझ्यापुढे मोजले. म्हणजे ह्या व्यवहारात तिचा पाचवा हिस्सा आहे, आणि पुढे पाहाल की तिने तो वापरला.

मी मॅट्रिक झालेला माणूस. विज्ञानात जेमतेम पास. परंतु शिकवण्याची सवय असल्यामुळे कोणतीही गोष्ट आरंभापासून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. बेकेरेल नावाच्या फ्रेंच तरुणाने १८३९ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी उजेडातून वीज निघते हे प्रथम पाहिले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९५४ साली, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने सिलिकनची कामापुरती चांगली सौर घटमाला दाखवली. अंगावर पडलेल्या उन्हाच्या शेकडा सहा भागाची ती वीज करी. १९५८ साली अशाच घटांवर चालणारा उपग्रह आकाशात गेला. आज साकोलीच्या दुकानात मिळणारी प्लेट शेकडा वीस भागाची वीज करते. आकाशात जी वस्तू आधी गेली ती मायच्या शेतात सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांनी येत आहे. उशीर झाला म्हणावा तर झाला. पण पन्नास खांबांपेक्षा लवकर आली.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती किलोवॉट लावायचं?" ह्या प्रश्नाने सुरुवात करणारा माणूस हमखास जास्त पैसे घालवतो. पहिला प्रश्न असा आहे की, रात्री त्या घरात काय काय होते? मी वही घेऊन चार रात्री मायच्या घरी मुक्कामाला गेलो. कादंबरीकाराला हे काम नवे नाही. पात्र कधी उठते, कधी निजते हे ठाऊक असल्याशिवाय एक प्रकरण पुढे सरकत नाही. परंतु आपल्या आईचे वेळापत्रक आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येक मुलगा धरून चालतो. मी ओसरीत भिंतीला टेकून बसलो आणि घड्याळ पाहून लिहू लागलो.

"काय लिहून रायला गा?" मायने विचारले.

"तू केव्हा काय करतं ते."

"त्यात काय हाये लिवण्यासारखं?" असे म्हणून ती आपल्या कामाला लागली.

ती पहाटे चारला उठते. चूल पेटवते. चिमणीच्या उजेडात गायीचे करते. रेशनवर राकेल मिळेनासे झाल्यापासून चिमणीत ती टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल घालते. त्याचा धूर डोळ्याला लागतो. संध्याकाळी सहापासून आठपर्यंत स्वयंपाक, जेवण. मग ओसरीत तासभर रेडिओ. मग निजणे. इथपर्यंत मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचे. पहिल्या रात्री साडेदहाला काडी ओढल्याचा आवाज आला. उजेड झाला, खाटेखाली फिरला, विझला. पुन्हा बाराला. पुन्हा एकला, दोन काड्या. त्या रात्री मी अकरा काड्या मोजल्या. दुसऱ्या रात्री नऊ.

सकाळी विचारले तेव्हा ती म्हणाली, "पायते."

काय पाहते ते आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. मण्यार रात्री फिरते, उबेला घरात येते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा झोपलेल्या माणसाला चावल्याचे कळतही नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात तेव्हा कळते, आणि तोवर वेळ गेलेली असते. साकोलीच्या दवाखान्यापर्यंत जायला आधी तीन किलोमीटर अंधारात चालावे लागते. गेल्या आषाढात नाल्यापलीकडच्या एका घरातला नऊ वर्षांचा मुलगा असाच गेला. माझ्या वर्गातला होता. तेव्हापासून काड्यांची संख्या वाढली असावी. तिने तसे म्हटले नाही, मीही विचारले नाही.

मी वहीत तक्ता आखला. चुलीजवळ ५ वॉटचा दिवा, चार तास: वीस वॉट-तास. ओसरीत ५ वॉट, तीन तास: पंधरा. गोठ्यात ३ वॉट, दोन तास: सहा. तिचा साधा फोन, माझा फोन आणि नाल्यापलीकडच्यांचे एकदोन, मिळून वीस धरले. रेडिओ चार. आणि खाटेजवळ ३ वॉटचा दिवा, त्याचे बटन उशापाशी. रात्रीतून अकरा वेळा लावला आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटे ठेवला, तरी होतो एक वॉट-तास. सगळ्या तक्त्यातला हा सर्वांत लहान आकडा. ह्याच्यासाठी वेगळी प्लेट लागत नाही, बॅटरी लागत नाही. दुकानदाराला सांगितले असते तर त्याने तो लिहूनही घेतला नसता. मी तो पहिल्या ओळीत घेतला.

एकूण सहासष्ट वॉट-तास. ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांच्यासाठी सांगतो : हजार वॉट-तासांचे एक युनिट होते. म्हणजे मायच्या घरची पंधरा दिवसांची रात्र एका युनिटात बसते.

माझ्या तक्त्यात अंगणात रात्रभर जळणारा एक दिवाही होता. घराभोवती उजेड असला म्हणजे जनावर येत नाही, असे सगळ्यांनाच वाटते. मायने वही वाचली नाही, तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली तेव्हा ह्या ओळीवर तिने हात आडवा केला.

"हा नको."

"काहून?"

"दिवा लावला का पाखरू येते. पाखरू आलं का बेंडूक येते. बेंडकाच्या मांगं कोन येते?"

मी गप्प बसलो. सहावीच्या पुस्तकातली अन्नसाखळी मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. ती अंगणात कशी आखली जाते हे तिने मला तीन वाक्यांत सांगितले. अंगणातला दिवा गेला. बाकीचे दिवेही तिच्या सांगण्यावरून पांढऱ्याऐवजी पिवळ्या उजेडाचे ठरले. पिवळ्यावर किडे कमी येतात, हे पुस्तकांतही आहे. रानडुकरांसाठी उजेडाचा उपयोग आहे का, असे मी विचारले, तर म्हणाली, चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी त्याच उजेडात धान खातात.

पंखा मात्र मी हट्टाने ठेवला. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी अंगाला पाणी मारून निजण्यात काही शहाणपणा नाही. बॅटरीवर थेट चालणारा लहान पंखा वीस वॉट खातो. आठ तासांचे एकशे साठ झाले. म्हणजे दिवे, फोन, रेडिओ सगळ्यांचे मिळून सहासष्ट आणि एकट्या पंख्याचे एकशे साठ! कोणत्याही गरिबाच्या घरी हिशोब मांडा, हेच दिसेल. उजेड स्वस्त असतो, वारा महाग असतो, आणि पाणी तापवणे किंवा इस्त्री असली कामे तर ह्या दारात उभीही राहू शकत नाहीत.

आता सूर्याची बाजू. दिवस बारा तासांचा असला तरी प्लेटेच्या दृष्टीने भर दुपारच्या उन्हाचे तास मोजायचे असतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्यात मिसळून आमच्याकडे ते वर्षाच्या सरासरीने पाचेक भरतात. पण सरासरीवर घर चालत नाही. आमच्याकडे झड लागते. एकदा लागली की चार-सहा दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. सगळे आकाश एखाद्या ओल्या घोंगडीसारखे खाली आलेले असते. तेव्हा पाचाचे दोन तास होतात, कधी एक. आणि मण्यार निघते ती ह्याच दिवसांत. म्हणून माझी सगळी मांडणी वैशाखाची नसून श्रावणाची आहे. गंमत अशी की वैशाखातही प्लेट आपल्याला वाटते तेवढे देत नाही. ती तापली म्हणजे तिची वीज कमी होते; अंशामागे शेकडा चार-दशांश सोडते. पासष्ट अंश तापलेल्या प्लेटेपेक्षा पौषातल्या थंड, निरभ्र दुपारची प्लेट अधिक उत्साही असते. माणसांचेही तसेच.

बॅटरी शंभर अँपिअर-तासांची घ्यायची ठरवली. बारा व्होल्टने गुणले म्हणजे बाराशे वॉट-तास. पण शिशाच्या बॅटरीतले अर्धेच काढावे, सगळे काढले तर तिचे आयुष्य जाते. धानाच्या कोठीतले बियाणे जसे कोणी दळत नाही, तसेच हे. उरले सहाशे. पंखा चालवला तर अडीच दिवस पुरतील. पंखा बंद ठेवला तर नऊ दिवस. आणि झडीत पंखा लागत नाही. येवढे जुळले तेव्हा मला परीक्षेत गणित सुटल्याचा आनंद झाला.

लिथियमची बॅटरी घ्या, असे दोघांनी सुचवले. ती हलकी असते, तिला पाणी घालावे लागत नाही, तिच्यातले शेकडा ऐंशीच्या वर काढता येते, म्हणून पन्नास अँपिअरचीही पुरते आणि किंमतही आता जवळपास तेवढीच येते. शिशाची बॅटरी मणभर वजनाची. ती नाल्यातून नेणे म्हणजे वरातच. मी दोन आठवडे विचार केला आणि शिशाचीच निवडली. लिथियम बिघडली तर साकोलीत तिच्या पोटात काय आहे ते सांगणारा मला कोणी भेटला नाही. शिशाची बॅटरी मात्र गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला कळते. मेली तरी मोडीत भाव येतो. दर पौर्णिमेला झाकण उघडून पाणी पाहायचे, बाजारातून आणलेले शुद्ध पाणीच घालायचे, विहिरीचे नाही, हे मायने पाठ केले आहे. तिचा वायू उडतो म्हणून ती निजण्याच्या खोलीत नको. ओसरीच्या टोकाला जाळीचा लाकडी खोका करून त्यात बसेल.

दुकानदाराशी माझे एकदाच वाजले. तो म्हणे, छोटा इन्व्हर्टर घ्या, मग गावातलेच बल्ब, गावातलाच पंखा चालेल. मी विचारले, इन्व्हर्टर स्वतः किती खातो? तो हसला. असे कोणी विचारत नाही म्हणाला. स्वस्तातला इन्व्हर्टर काही न चालवताही आठ-दहा वॉट खात बसतो. दहा वॉट गुणिले चोवीस तास म्हणजे दोनशे चाळीस; मायच्या दिवे-पंख्यांसकट सगळ्या घराहून जास्त. असला पाहुणा आमच्या घरात परवडत नाही. सगळे बारा व्होल्टवर थेट चालवायचे. त्याला तार जाड लागते, कारण कमी दाबाची वीज लांब तारेत वाटेतच मरते. तांब्याच्या तारेचा भाव ऐकून मी खुर्चीवर बसलो.

ह्या तारेमुळेच मोहाचा प्रश्न उभा राहिला. घराच्या पूर्वेला अगदी लगत एक जुना मोह आहे. छपरावर प्लेट ठेवली तर सकाळी दहापर्यंत त्याच्या एका फांदीची सावली तिच्यावर पडते. एक फांदी पडून काय बिघडते, असे वाटेल. तळ्यातला गाळ काढताना माणसे रांगेने उभी राहून टोपल्या हातोहात देतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना लगेच कळेल. रांगेतला एक माणूस मंद झाला की सगळी रांग त्याच्याच वेगाने चालते. प्लेटेतले घट असे एकापुढे एक ओवलेले असतात. चारदोनांवर सावली आली की बाकीचे उन्हात असूनही स्वस्थ बसतात. वायरमन म्हणाला, फांदी तोडा. मी मायकडे पाहिले नाही. तिचे सहा हजार ह्याच मोहाचे होते. प्लेट छपरावरून काढून अंगणापलीकडे खळ्याच्या उंचवट्यावर खांब रोवून बसवायची ठरली. तार आठ मीटरने वाढली.

खांबावर एक फायदा आहे. वानरे छपरावर नाचतात तशी तिथे नाचणार नाहीत. एक धास्तीही आहे. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत शेतात वीज पडून माणसे जातात. उघड्यावर उभा केलेला लोखंडी खांब म्हणजे तिला आमंत्रणच. म्हणून खांबापाशी खोल तांब्याची सळई पुरून जमीन-जोड द्यायचा, आणि ढग गडगडू लागले की खटका ओढून प्लेट घरापासून तोडायची. मायने हा खटका खालीवर करून पाहिला. "वीज आली का वीज बंद करायची," ती म्हणाली. मला हे अधिक चांगले सांगता आले नसते.

प्लेटेचा उतार दक्षिणेकडे, वीस अंशांच्या आसपास. आमचे अक्षांश एकवीस. मेच्या अखेरीस एकदा आणि जुलैच्या मध्यास पुन्हा एकदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. मुलांना मी हे शाळेच्या पटांगणात दाखवतो. जुलैतल्या त्या दिवशी बहुधा ढगच असतात.

हे सगळे जमत आले होते आणि नागपूरहून दादाचा फोन आला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बापाच्या जागी. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे तीस हजारांत तू मायला जंगलात ठेवायची सोय करतोस."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तीन वर्षे आम्ही दोघे तिला म्हणत आलो की गावातल्या घरी चल, नाहीतर नागपूरला चल. आमच्याजवळचा सर्वांत मोठा मुद्दा अंधार हाच होता. तिथे दिवा नाही, फोन बंद पडतो, रात्रीबेरात्री काही झाले तर कळणारही नाही. मी वहीत एकेक आकडा भरत गेलो तसा आमचा एकेक मुद्दा खोडत गेलो. ज्या दिवशी तिथे दिवा लागेल त्या दिवसापासून तिला 'चल' म्हणण्याचे कारण आमच्याजवळ कमी होईल. दादाला हे फोनवर पाच मिनिटांत कळले. माझ्या घरीही हाच विषय निघाला. "अजी, उद्या काई झालं त लोक तुमालेच पुसतील," असे पत्नी म्हणाली, आणि तेही खरेच आहे. दिव्याने साप दिसतो. दिवा साप मारत नाही, आणि तीन किलोमीटर कमीही करत नाही.

गेल्या पावसाळ्यात ती आमच्या घरी बारा दिवस राहिली होती. तिला काही कमी नव्हते. तरी ती रोज सकाळी उठून दाराशी उभी राहून शेताच्या दिशेला पाहत असे आणि विचारत असे, गाय कोणी सोडली असेल का, बोडीची पाळ फुटली तर नसेल. बाराव्या दिवशी पाऊस चालू असताना इरले घेऊन ती निघाली. मी नाल्यापर्यंत सोबत गेलो. आमच्यात बोलणे झाले नाही.

दादाला मी एवढेच सांगितले की, ती तिथेच राहणार आहे. ती अंधारात राहील की उजेडात, एवढेच आपल्या हातात आहे. तो म्हणाला, "तुझं तू पाहा." दोन दिवसांनी त्याने पुन्हा फोन करून विचारले, "दिव्याचं बटन खाटेपासून किती हातावर राहील?"

यादी पक्की झाली. १६५ वॉटची प्लेट ६,५०० रुपये. बॅटरी ११,०००. बॅटरी फार भरू न देणारा आणि फार रिकामी होऊ न देणारा चार्ज कंट्रोलर १,३००. त्याच्यावर हिरवा आणि लाल ठिपका असतो आणि लाल लागला की पंखा बंद, हे मायला अक्षर न वाचता कळते. पंखा २,४००. दिवे, बटने, फोनचे सॉकेट मिळून १,२००. तांब्याची तार ३,२००. खांब, चौकट, सिमेंट २,९००. जमिनीतली सळई आणि खटका १,२००. एकूण २९,७००. उरले तीनशे, ते गाडीवाल्याला. वायरमन मजुरी घेणार नाही म्हणतो. त्याची दोन मुले माझ्या शाळेत आहेत, आणि हा एकच फायदा मास्तरकीला अजून शिल्लक आहे. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागेल. महिन्याला दोनशे बाजूला टाकले तर पाच वर्षांत बारा हजार होतात. सूर्य फुकट म्हणणाऱ्यांना मी हल्ली हा आकडा सांगतो.

सामान साकोलीत सांगून ठेवले आहे. नाल्याचे पाणी उतरून हलके धान कापले गेले म्हणजे बैलगाडी घरापर्यंत जाईल, तोवर थांबायचे. मागच्या रविवारी मी खांबाची जागा पक्की करायला गेलो, तर खड्डा आधीच खणलेला. माझ्या खुणेपासून चार हात पुढे, खळ्याच्या कडेला. तिने नाल्यापलीकडच्या माणसाकडून खणून घेतला होता. त्याच्या घरी गेल्या आषाढात दुःख झाले आहे. खुणेवर गाय बांधतात, म्हणून पुढे घेतला, असे ती म्हणाली. आणखी एक गोष्ट तिने त्याला परस्पर कबूल केली आहे : त्याच्या घरच्या दोन लहान विजेऱ्या रोज दुपारी आमच्या ओसरीत भरून न्यायच्या. त्यांचे दहा वॉट-तास मी तक्त्यात वाढवले. मग खड्ड्यात काठी रोवून सकाळी आठपासून संध्याकाळी चारपर्यंत सावल्या पाहिल्या. मोहाची सावली साडेआठलाच सरकते. चार हात पुढची जागा चालेल.